घोटलेली माती

१२ जानेवारी

अगं,

रविवारी फोनवर तू काय म्हणालीस ते मला धड ऐकू आलं नाही, आणि मी जे म्हणालो ते तुमच्या चौथ्या मजल्यावर सगळ्यांना ऐकू गेलं असणार. मध्येच चिरंजीव हसल्यासारखे वाटले. तेव्हा यापुढे पत्रच. माझी शाळा चौथीपर्यंतची, तुझी सातवीपर्यंतची. चुका काढत बसू नकोस.

आधी काळजीचं. पोटाचं कसं आहे? जेवणाआधीची गोळी आणि जेवणानंतरची गोळी यांची अदलाबदल करू नकोस, दोन्ही पांढऱ्याच आहेत. तुमच्या गॅलरीचा कठडा किती उंच आहे तेही मोजून कळव. फोटोत मला तो बुटका दिसला. फोटो आल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही.

आता इकडचं. मला काम लागलं आहे. एकाहत्तराव्या वर्षी मिस्त्रीला कोण कामावर ठेवतं, असं तू म्हणशील. कचरा डेपोने ठेवलं. जुना ढीग आता पाण्याच्या टाकीपेक्षा उंच झाला. नवा खड्डा आपल्या घरांच्या ओळीच्या बाजूला खणायचा विचार आहे, आपल्या विहिरीपासून दोनशे पावलांवर. पावलं मी मोजली, दोनदा. खणण्याआधी माती तपासावी लागते म्हणे. कचऱ्याचं काळं पाणी तिच्यातून झिरपेल का, झिरपलं तर किती वेगाने, आणि खाली ज्या थरात पाणी साठलेलं असतं त्याला जाऊन मिळेल का, हे सगळं आधी बघायचं असतं. त्यासाठी एक इंजिनियर बाई आल्या आहेत. ओळीतल्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव पाझरबाई ठेवलं.

काम असं. गिरमिटाने जमिनीत वीतभर रुंद आणि दीड हात खोल भोक पाडायचं. त्यात पाणी भरून ते दिवसभर मुरू द्यायचं. दुसऱ्या दिवशी खुणेपर्यंत परत भरायचं, आत पट्टी उभी करायची आणि दर दहा मिनिटांनी पाणी किती उतरलं ते वहीत लिहायचं. मी राहायला इकडे म्हणून ओळीकडची नऊ भोकं माझी. रस्त्याकडची नऊ दुसऱ्या गड्याची. त्याला सगळे वादळ म्हणतात, आणि त्याची भोकं बघितलीस तर कुत्र्याने उकरल्यासारखी दिसतात. माझं भोक बघितलंस तर त्यात दिवा ठेवावासा वाटेल. एकेकाला मी अर्धा दिवस घालवतो. पोटावर झोपून खांद्यापर्यंत हात आत घालावा लागतो. बाईंनी एक लांब दांड्याचा तारेचा ब्रश दिला आहे, त्याने मी रोज गिरमीट घासून चकचकीत करतो. वादळने त्याचा ब्रश कधी धुतलासुद्धा नाही.

आता मुख्य गोष्ट. तुला नेताना चिरंजीव काय म्हणाले होते ते आठवतंय ना? इंजिनियरने कागदावर लिहून दिलं की विहिरीचं पाणी चांगलं आहे, तर आईला परत पाठवीन. तीन वर्षं मी तो इंजिनियर कुठून आणू या विचारात होतो. तो आपल्या पायांनी चालत आला आहे, आणि मी त्याच्या हाताखाली आहे.

उत्तर लगेच टाक. पत्र पोचायला चार दिवस लागतात आणि मला तेवढे दिवस काही सुचत नाही.

— मी


२१ जानेवारी

अहो,

कठडा माझ्या छातीला लागतो. आता जेवा.

गोळ्यांचं म्हणाल तर एक लांबोडी आहे आणि एक गोल. तुम्ही तीन वर्षांपूर्वी बघितल्या होत्या, त्या केव्हाच बदलल्या. पोट बरं आहे. इथे सगळं बरं आहे. लिफ्ट आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे. सूनबाई मला भांड्याला हात लावू देत नाही, त्यामुळे दुपारी मी माझ्याच हातांकडे बघत बसते. पाण्याला मात्र चवच नाही. ग्लासभर प्यायलं तरी प्यायलं की नाही ते आठवून बघावं लागतं.

तुम्ही पोटावर झोपून काम करता हे वाचून चिरंजीव म्हणाले, बाबांना सांग, आता पुरे. मी म्हटलं, तूच सांग. तो म्हणाला, मला ते ऐकत नाहीत. मी म्हटलं, त्यांना ऐकूच येत नाही. असा आमचा संवाद झाला आणि तो ऑफिसला गेला.

उठताना कमरेत कळ आली तर तिथेच पडून राहा, झटक्याने उठू नका. त्या वादळाला हाक मारा. भोकं कशीही पाडत असेल, पण माणूस उचलायला तसाच गडी लागतो.

शेजारची टेलरीण कशी आहे? मशीन अजून पहाटेच सुरू करते का? इथे भिंती जाड आहेत, शेजारचं काहीच ऐकू येत नाही. शेजारी कोण राहतं तेही मला ठाऊक नाही.

आणि पाणी उकळून प्या. कागद येईल तेव्हा येईल.

— मीच


३० जानेवारी

अगं,

माती चांगली निघाली.

सावकाश सांगतो. माझ्या नऊही भोकांत पाणी हलायलाच तयार नाही. तासाभरात नखाएवढं उतरतं, कधी तेवढंही नाही. तिकडे वादळच्या भोकांत ते बघता बघता तळाला जातं, पट्टी वाचायला वेळ मिळत नाही. बाईंनी माझी वही दोनदा तपासली, स्वतः घड्याळ लावून एका भोकापाशी बसल्या आणि म्हणाल्या, ओळीकडची माती फारच घट्ट दिसते, रस्त्याकडची भुसभुशीत. असं असतं म्हणे. एकाच शेतात दोन जाती निघतात.

मग त्यांनी मला बसवून समजावलं. ओळीकडे अशी घट्ट माती असेल तर ती आपोआप तळासारखी काम करते. नवा खड्डा याच बाजूला घेता येईल, काळं पाणी खाली पोचायला पिढ्या जातील, आणि विहीर चालू ठेवायला हरकत नाही असं अहवालात लिहिता येईल. अहवाल महिनाभरात जाणार. मी त्यांच्याकडे त्या पानाची एक प्रत मागून ठेवली आहे. कशाला हवी असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुलाला दाखवायची आहे. त्यांना वाटलं मुलगाही याच धंद्यात आहे. मी वाटू दिलं.

चिरंजीवांना हे वाचून दाखव. शिवाय हेही सांग की गळका पत्रा बदलला. स्वयंपाकघरातली फळी चार बोटं खाली घेतली, तुझा हात आता टाचा न उचलता पोचेल. फाटकाला तेल दिलं. पाणी चांगलं, माती चांगली, घर चांगलं. एवढा कागद हातात पडला की त्यांना बोलायला जागा उरणार नाही.

एकच धाकधूक आहे. बाईंची बदली झाली तर? मागे त्या शिंकल्या तेव्हा मी त्यांना आलं घालून चहा करून दिला. आजारी पडून चालणार नाही.

उत्तर लगेच टाक.

— मी


८ फेब्रुवारी

अहो,

पत्र वाचून दाखवलं. चिरंजीव कॅलेंडरपाशी गेले आणि म्हणाले, कागद आला तर २० मार्चपासून सुट्टी घेतो, सोडून येतो. मी बरं म्हटलं. ते खोलीत गेल्यावर स्टूल घेतलं आणि माळ्यावरची पिशवी काढली. रागावू नका, सूनबाईने स्टूल धरलं होतं.

पिशवीत तीन वर्षांपूर्वी आणलेलं एक लुगडं तसंच घडीचं निघालं. आठ दिवसांसाठी चार पुरतील असा हिशोब केला होता. चौथं लागलंच नाही कारण मग इथली घेतली.

एका गोष्टीवर मात्र आम्ही दोघी फार हसलो. तुमच्या भोकांत पाणी राहतं आणि वादळच्या भोकांत राहत नाही. मला मातीचं काही कळत नाही, पण तुम्ही कळता. तुम्ही त्या भोकांच्या भिंतीसुद्धा आतून घोटल्या असणार, ओल्या हाताने, एक एक करून. स्वयंपाकघराची जमीन केलीत तेव्हाचं मी सूनबाईला सांगितलं. आठ दिवस घोटत होता. मी दोनदा घसरून पडले, आणि एकदा हंडा लवंडला तर ते पाणी संध्याकाळपर्यंत तळ्यासारखं उभं होतं, मला फडक्याने टिपून काढावं लागलं. सूनबाई म्हणाली, बाबांच्या हातात चाळणी दिली तर तिचीही घोटून परात करतील.

पिशवी दाराशी ठेवली आहे. टेलरणीला सांगा, माझ्या दोन झंपरांच्या बाह्या उसवायच्या आहेत. इथे येऊन दंड जाड झाले.

— मीच


२६ फेब्रुवारी

अहो,

अठरा दिवस झाले, पत्र नाही. फोन केला तर तुम्ही 'सगळं ठीक आहे' म्हणालात आणि ठेवून दिलात. सेहेचाळीस वर्षांत सगळं ठीक आहे असं तुम्ही दोनदा म्हणालात. एकदा बांधकामाच्या पहाडावरून पडून हात मोडला होता तेव्हा, आणि एकदा मालकाने कामावरून काढलं होतं तेव्हा.

कमरेचं काही झालं का? टेलरणीचा नंबर कळवा, मी तिला विचारीन. पिशवी दाराशीच आहे. येता जाता सगळे तिला अडखळतात, पण कोणी हलवत नाही.

— मीच


२ मार्च

अगं,

कंबर ठीक आहे. बाकी ठीक नाही.

तुझं पत्र मी फाटकातच उघडलं. चाळणीचं वाचून हसलो. टेलरणीने विचारलं, काय झालं, तर तिलाही सांगितलं, तीही हसली. मग घरात येऊन चपला काढताना ते हंड्याचं पाणी डोळ्यांपुढे आलं आणि मी तिथेच उंबऱ्यावर बसलो.

कारण घोटल्याच होत्या. नऊच्या नऊ. मला कोणी सांगितलं नव्हतं. गिरमिटाने माती ओरबाडल्यासारखी निघते, ते मला बघवेना. पोटावर झोपून ओल्या तळव्याने आधी सारखी केली, मग छोट्या थापीने. हाताला सवय आहे, त्याला विचारावं लागत नाही.

तरी खात्री करायची म्हणून दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात शेजारी शेजारी दोन भोकं पाडली. एक घोटलं. दुसऱ्याच्या भिंती त्या तारेच्या ब्रशने खरवडल्या. दिवसभर दोन्हीत पाणी मुरवलं, बाईंच्या पद्धतीने. मग दोन्हींत एकेक तांब्या ओतला आणि घड्याळ घेऊन मध्ये बसलो. खरवडलेल्यातलं पाणी चहा उकळायच्या आत गेलं. घोटलेल्यातलं दुपारी जेवून आलो तरी होतं, त्यात माझं तोंड दिसत होतं. तीच माती गं. मध्ये एक हाताचं अंतर.

हे कळल्यावर मी काय केलं ते आता लिहितो. काही केलं नाही. पंधरा दिवस गप्प बसलो. रोज कामावर गेलो, वही लिहिली, ब्रश धुऊन परत दिला. बाई अहवाल लिहायला बसल्या होत्या. रोज वाटायचं, आज सांगू, आणि रोज २० मार्च जवळ यायचा. मी स्वतःला समजावत होतो की एवढी वर्षं प्यायलो ते पाणी, आपल्याला काय झालं? तुझं पोट दुखलं, पण पोट कोणाचं दुखत नाही? माणूस स्वतःशी बोलायला लागला की त्याला कोणी अडवत नाही.

परवा विहिरीवर टेलरीण भेटली. म्हणाली, मिस्त्री, तुम्ही त्यांच्यातलेच, खरं सांगा, आता बिनघोर प्यायचं ना पाणी? मी हो म्हटलं. तिने कळशी भरली आणि गेली. माझा हो घेऊन गेली. ती वळून काही विचारेल म्हणून मी थांबलो, पण तिला कशाला काही विचारावंसं वाटेल? मीच तर सांगितलं होतं.

काल सकाळी बाईंकडे गेलो. त्या शेडमध्ये कागद लावत होत्या. मी सगळं सांगितलं, अंगणातल्या दोन भोकांसकट. त्या पालथ्या बादलीवर बसल्या. मला वाटलं आता ओरडतील, तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं की तो ब्रश मी कशासाठी वापरत होतो. मी सांगितलं. तो भोकाच्या भिंती खरवडायलाच दिला होता, गिरमिटाने माती दाबली जाते ती परत मोकळी व्हावी म्हणून. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना करूनही दाखवलं होतं म्हणे. त्या दिवशी मी मागे उभा होतो, गिरमिटाला चिकटलेली माती बघत.

मग त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुमचा हात इतका चांगला आहे, हे मी अहवालात कुठल्या रकान्यात लिहू?"

मी कोपऱ्यातला ब्रश उचलला.

जुनी भोकं रद्द. नऊ नवी पाडायची, आणि खरवडायची मीच, असं त्यांनी सांगितलं. काल दुपारपासूनच ते काम सुरू आहे. चांगल्या भिंतीवर ओरखडे काढताना दात आंबतात. काल मुरवलेल्या पहिल्या दोन भोकांचे आकडे आज आले. पाणी वादळच्या भोकांपेक्षाही लवकर गेलं.

म्हणजे चिरंजीवांना हवा तो कागद येणार नाही. तुझी पिशवी दाराशी आहे हे मला माहीत होतं, तरी मी सांगून आलो. तुला आधी विचारायला हवं होतं असं वाटतं, आणि विचारलं नाही ते बरं केलं असंही वाटतं. तू नको म्हणाली असतीस तर मी ऐकलं असतं.

रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

— मी


११ मार्च

अहो,

तीनदा वाचलं. चिरंजीवांनाही वाचायला दिलं, कारण ते लपवून काही उपयोग नव्हता. त्यांनी ते घडी घालून माझ्या हातात दिलं, पिशवी उचलली आणि माळ्यावर टाकली. रागाने नाही, हळूच. मग म्हणाले, बाबा खरे आहेत. आणि टीव्ही लावला.

तुम्ही बरोबर केलंत असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर माझंच नुकसान मी कबूल केल्यासारखं होईल. चूक केलीत असंही म्हणणार नाही. टेलरणीच्या कळशीचं वाचल्यावर मी हातातला ग्लास खाली ठेवला.

पण आता हे सगळं संपलंच आहे तर एक बोलते. तीन वर्षं बोलले नाही.

मी पाण्यासाठी गेले नव्हते. ते पाणी मी एवढी वर्षं प्यायले होते, आणखीही प्यायले असते. चिरंजीव न्यायला आले त्या दिवशी तुम्ही दारावरच्या भिंतीचा गिलावा करत शिडीवर होतात. मी खाली उभी राहून विचारलं, जाऊ का? तुम्ही खाली बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, जा, आठ दिवस राहून ये. मी म्हटलं, बरं. नको म्हणाला असतात तर पिशवी तिथेच ठेवली असती. वाटलं, आठ दिवसांत करमेनासं झालं की स्वतःच याल मागून. आठाचे पंधरा झाले. मग चिरंजीवांनी कागदाची अट घातली, आणि तुम्ही ती लगेच कबूल केलीत. जसं काही आपल्या दोघांमध्ये एक इंजिनियरच कमी होता.

तुमची सगळी पत्रं मी काल काढून बसले. पत्रा बदलला. फळी खाली घेतली. फाटकाला तेल दिलं. पाणी चांगलं, माती चांगली, घर चांगलं. सगळं आहे त्यात, फक्त एक नाही. तुम्ही मला एकदाही नुसतं ये म्हणाला नाहीत. मी काय माती बघायला येऊ?

गोळ्या वेळेवर घेते. कठडा आहे तेवढाच उंच आहे.

— मीच


२६ मार्च

अगं,

तुझं पत्र पंधराला मिळालं. उत्तर लगेच लिहिलं नाही, कारण विहिरीचं काय होतं ते बघून लिहायचं ठरवलं. नाही, हे खरं कारण नाही. मला लिहिता येत नव्हतं.

आधी विहिरीचं सांगतो, म्हणजे ते बाजूला होईल. नऊही भोकांचे आकडे खराब आले. मग बाईंनी खालच्या थराची परीक्षा घेतली. नव्या खड्ड्याच्या जागी खोल बोअर मारला, त्यावर पंप बसवला आणि सकाळी सहापासून सलग पाणी उपसायला सुरुवात केली. मला आपल्याच विहिरीवर बसवलं. एक फीत असते, तिचं टोक पाण्याला टेकलं की शिट्टी वाजते आणि लाल दिवा लागतो. शिट्टी मला ऐकू येत नाही, दिवा दिसतो. दर अर्ध्या तासाला फीत सोडायची आणि आकडा लिहायचा. नऊपर्यंत आकडा तोच. मला वाटलं, हललं नाही, सुटलो. साडेनऊला दिवा एक बोट उशिरा लागला. अकराला चार बोटं. दुपारी दोनपर्यंत वीतभर पाणी खाली गेलं होतं. तिकडे दोनशे पावलांवर उपसत होते आणि इकडे आपली विहीर उतरत होती. खालून दोन्ही एकच आहे. आकडे मी बरोबर लिहिले. एकदा दिवा नीट दिसला नाही म्हणून फीत परत सोडली.

जुन्या ढिगाचं काळं पाणीही याच थरातून विहिरीत येत असणार, म्हणून विहिरीवर जाळी टाकून कुलूप लावलं आहे. नवा खड्डा आता इकडे होणार नाही म्हणतात, दुसरी जागा बघतील. टँकर दिवसाआड येतो. ओळीतले काही जण माझ्याशी बोलत नाहीत, कळशी घेऊन लांब उभं राहावं लागतं ते माझ्यामुळे असं त्यांना वाटतं. टेलरीण बोलते. मी तिला माझ्या होबद्दल सांगितलं. ती म्हणाली, दोनच दिवस प्यायले मिस्त्री, तुम्ही एवढं तोंड पाडू नका. तुझ्या झंपरांचं तिने विचारलं.

आता शिडीचं. तू बरोबर सांगितलंस, मी खाली बघितलं नाही. हातातला माल सुकत होता असं मी मनाशी सांगत आलो. माल नव्हता. तो सकाळीच संपला होता. चिरंजीवांची गाडी दिसली तेव्हा मी शिडीवर चढलो आणि कोरडी थापी भिंतीवरून फिरवत राहिलो. तू विचारलंस तेव्हा खाली बघितलं असतं तर उतरावं लागलं असतं, आणि उतरल्यावर काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं. मुलगा आईला बऱ्या जागी नेतो आहे, आणि बाप म्हणणार, नको नेऊस, मला करमणार नाही? ते तोंडातून निघेना. मग तीन वर्षं मी तुला बोलावण्याची कारणं गोळा करत बसलो. चांगलं कारण हातात असलं की मला तुझ्याकडे काही मागायला लागणार नव्हतं. तू मातीसाठी आली असतीस आणि माझी लाज राहिली असती.

तिकडे का आलो नाही, तेही सांगतो. घराला कुलूप लावायचं ठरवून दोनदा पिशवी भरली. दोन्ही वेळा वाटलं, आपण निघालो आणि नेमकी त्याच दिवशी ती इकडे यायला निघाली तर?

आता माझ्याकडे एकही कारण उरलेलं नाही. पाणी वाईट आहे. माती वाईट आहे. टँकरला रांग असते आणि वारा इकडे फिरला की दार लावून बसावं लागतं. स्वयंपाकघराची जमीन अजून घसरडी आहे. टँकरचं पाणी तपासलेलं असतं, पोटाला चालेल असं बाई म्हणाल्या, पण ते मी कारण म्हणून सांगत नाही. सकाळी दोन कप चहा होतो, कारण एका कपाचा अंदाज मला अजून आलेला नाही. दुसरा कप मी उभ्यानेच पितो.

तू ये. मला तू इथे हवी आहेस.

चिरंजीवांना माझा राग येऊ दे. त्यांनी विचारलं की कागद कुठे आहे, तर हे पत्र दाखव. आणि या पत्राला उत्तर लिहू नकोस. पत्राला चार दिवस लागतात, बसला दीड.

— मी